टर्मिनलवरची पांढरी-निळी पूड: साफ कशी करायची आणि ती येते कुठून

चावी फिरवली की नुसतं 'टक' होतं, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, आणि आपण बॅटरी गेली असं धरून चालतो. नवी बॅटरी घेण्याआधी बॉनेट उघडा. बॅटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे तारा जोडतात त्या टोकांवर, पांढरी पूड दिसली तर ती शिशाचं सल्फेट, निळी-हिरवी असेल तर तांब्याचं. दोन्ही वीज अडवतात.

इंजिन बंद, चावी बाहेर. हातातली अंगठी, कडं काढा. हातमोजे आणि चष्मा घाला. बॅटरी सोडवल्यावर रेडिओला कोड लागत असेल तर तो आधीच हाताशी ठेवा. बहुतेक गाड्यांना 10 नंबरचा पाना बसतो. आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह. उलट केलं आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो.

कपभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा विरघळवा. जुन्या टूथब्रशने पोस्टवर (बॅटरीचा शिशाचा खुंट) आणि क्लॅम्पच्या (त्यावर बसणारी तारेची पकड) आतून लावा. फेस येतोय तोवर ॲसिड शिल्लक आहे, म्हणून फेस थांबेपर्यंत लावत राहा. बॅटरीवरची पाणी भरायची (सेलची) झाकणं घट्ट हवीत. सोडा आत गेला तर तिथलं ॲसिड मारतो. नुसतं उकळतं पाणी ओतायची पद्धत आम्हाला पटत नाही. पूड जाते, पण ॲसिड खालच्या ट्रेमध्ये उतरून पत्रा खातं. शेवटी थोड्या साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडं करा आणि पोस्ट व क्लॅम्प तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा.

जोडताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. क्लॅम्प हाताने हलता कामा नये. पण फार आवळलात तर मऊ शिशाचा पोस्ट बिघडतो. सैल क्लॅम्पमध्ये तारेचा तुकडा कोंबू नका, पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानांतून नवा आणा. व्हॅसलिनचा पातळ थर आवळून झाल्यावर, वरून.

मीटर असेल तर एक टोक पोस्टवर, दुसरं क्लॅम्पवर धरा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड अजून खराब आहे.

महिन्याभरात पूड परत आली तर ॲसिड कुठून तरी बाहेर येतंय. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट हवेत. सतत 15च्या वर असतील तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय, बॅटरी उकळतेय. बॅटरीत पाणी खुणेच्या वर भरलं असेल तरी ते झाकणातून उसळतं. भरायचं ते फक्त डिस्टिल्ड, नळाचं नाही. दोन्ही ठीक असतील तर पोस्टच्या बुडाशी टॉर्च मारा: तिथे ओल किंवा बारीक चीर दिसली, तर घासत बसण्यात अर्थ नाही, बॅटरी बदला. पुण्यातल्या पावसाळी दमट हवेत पूड लवकर धरते, म्हणून जूनच्या आधी एकदा आणि सप्टेंबर संपल्यावर एकदा बॉनेट उघडून पाहा.