स्टार्टर मोटर घरी तपासताना आणि बदलताना

चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येऊन इंजिन फिरत नसेल, तर आधी बॅटरी तपासावी, मल्टिमीटरवर १२.४ व्होल्टपेक्षा कमी दिसल्यास ती चार्ज करावी आणि टर्मिनलवर साचलेली पांढरट-हिरवी भुकटी घासून काढावी, कारण पुष्कळदा दुखणे तेवढेच असते. बॅटरी ठणठणीत असून, चावी फिरवलेली असताना सॉलेनॉइडच्या (स्टार्टरला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचच्या) बारीक वायरला पुरेसा करंट पोहोचत असेल आणि तरीही मोटर हलत नसेल, तरच ती बदलावी. सर्वप्रथम बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवावी. स्टार्टरच्या जाड केबलला बहुधा फ्यूज नसतो, त्यामुळे निगेटिव्ह केबल जोडलेलीच राहिली, तर त्या केबलवरचा पाना गाडीच्या बॉडीला टेकताच ठिणग्या उडतात. मोटर अपेक्षेपेक्षा जड असते, म्हणून शेवटचा बोल्ट काढताना तिला खालून हात द्यावा. नव्या मोटरचे दाते जुन्याशी ताडून पाहावेत.