पळसाला बोल लावू नका: झाडपाल्याच्या रंगाईत या चुका टाळा

शिमग्याच्या आधी माळावरचा पळस पेटला की माझा फोन वाजायला लागतो. "काकू, रंग बसतच नाही. फुलं जुनी असतील का?" फुलं चांगली असतात. मी एकच विचारते, खळ काढली होती का? पलीकडं शांतता.

विट्याच्या मागावरचा कोरा मांजरपाट हातात घ्या, कागदासारखा कडक लागतो. विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला खळ दिलेली असते, शिवाय कापसाचा स्वतःचा मेणचटपणा असतोच. रंग त्या थरावर बसतो आणि पहिल्या धुण्यात थरासकट निघून जातो. गेल्या वर्षी एक मुलगी ४ मीटर कापड घेऊन आली, सगळं ढगाढगांचं पिवळं. "धुतलंय की हो दोनदा, पावडरीनं!" त्याच ताग्यातला तिचा उरलेला तुकडा मी पाटावर पसरला आणि वर पाण्याचा एक थेंब सोडला. अळवाच्या पानावर राहावा तसा थेंब उभाच. तो तुकडा तिच्यासमोर सोड्यात उकळला, तर पाणी बिनदुधाच्या चहासारखं झालं. पोरगी बघतच राहिली.

माझं माप असं: १ किलो सुती कापडाला ५० ग्रॅम धुण्याचा सोडा, मूठभर साध्या साबणाचा कीस, कापड मोकळं हलेल इतकं पाणी आणि दीड तास उकळी. मग खळखळून धुवायचं. थेंब टाकताच जिरला तर पुढं जा, नाहीतर पुन्हा चुलीवर. (रेशीम, लोकर यांना सोडा दाखवूसुद्धा नका.) हे ऐकून लोक विचारतात, "अर्ध्या तासात नाही का भागणार?" भागतं. मग फोन करू नका.

मीठ आणि व्हिनेगर घालून रंग पक्का होतो हे कुणी पसरवलं देव जाणे. झाडाच्या रंगाला त्यानं काही पकड येत नाही. पकड येते ती तुरटीनं, पण सुताला नुसती तुरटी नीट धरत नाही, आधी हिरड्याचा तुरटपणा लागतो. १०० ग्रॅम कोरड्या कापडाला २० ग्रॅम हिरडापूड. रात्रभर भिजवायचं, पिळून वाळवायचं, मग १५ ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात परत एक रात्र. वजन काट्यावर करा. 'अंदाजे' करणाऱ्यांचा दुसरा घाणा पहिल्यासारखा कधीच येत नाही.

आता लोखंड. ही चूक माझीच, म्हणून जास्त जीव तोडून सांगते. दसऱ्यानंतर बाजारात झेंडूचे ढीग टाकून दिलेले असतात. त्यातली दोन पोती आणली. भाचीच्या हळदीला १२ पिवळी उपरणी करून देते म्हणाले होते. एवढं मोठं भांडं नव्हतं. दीर म्हणाले, "वहिनी, आचाऱ्याची कढई हाय की, आणू?" कढई आली, लोखंडी, कडेला गंज. मी घाईत होते. तासाभरानं काठीनं पहिलं उपरणं उचललं तर ओल्या शेवाळाचा रंग! सासूबाई बघून म्हणाल्या, "ही हळद हाय का होमगार्डची भरती?" झेंडूच्या पिवळ्याला लोखंड लागलं की हिरवट-काळपट होतो आणि तो परत फिरत नाही. वर लोखंड जास्त झालं तर सूत कुजतं. दीड वर्षात त्यातली दोन उपरणी घडीवरच विरली. तेव्हापासून स्टीलचं एक पातेलं फक्त रंगाला. त्यात स्वयंपाक नाही, स्वयंपाकाच्या भांड्यात रंग नाही. काळा हवाच असेल तर गंजके खिळे आणि गूळ पाण्यात घालून पंधरा दिवस ठेवा, आणि ते पाणी हिरड्याच्या कापडाला चमच्यानं मोजून द्या.

बोअरचं मचूळ पाणी वापरू नका. आमच्या पलूसकडं उसाला पाणी पाजून पाजून जमिनीच खारावल्यात. मी पावसाचं पाणी पिंपात साठवते.

मंजिष्ठा, म्हणजे लाल रंग देणारी मुळी, खळखळा उकळू नका, लाल जाऊन तपकिरी येतो.

बीट आणि जांभूळ खा, त्यानं कापड रंगवू नका.

कासच्या पठारावर पिशवी घेऊन जाणाऱ्यांशी मी बोलत नाही. ती फुलं बघायची आहेत, तोडायची नाहीत. रंगाला आटपाडीच्या डाळिंबाची साल आहे, कांद्याची टरफलं आहेत, हीच आधी संपवा.

रंगलेलं कापड सावलीत वाळवा आणि रिठ्यानं धुवा. रंगाबद्दल शंका असेल तर वीतभर तुकडा अर्धा पुठ्ठ्यानं झाकून खिडकीत उन्हाला लावा, दोन आठवड्यांनी पुठ्ठा काढा. हळदीचा रंग पक्का असतो म्हणून माझ्याशी भांडणाऱ्यांना मी असाच एक तुकडा दाखवते. सांगलीची हळद, पेठेतून आणलेली, एक नंबर. झाकलेली बाजू अजून झगझगीत आहे आणि उघडी बाजू धुतलेल्या धोतरासारखी. साबण लागला तर लाल डाग पडतो तो वेगळाच.