भाड्याच्या खोलीत संसार लावून देताना या चुका टाळा

सामान नेऊन टाकलं की संसार लागला, असं समजू नका. ही चूक मी स्वतः केलीय. सोलापुरात अशोक चौकाकडच्या एका पत्र्याच्या खोलीत नव्याने राहायला आलेल्या विडी कामगार मावशींना आम्ही चौघांनी वर्गणी काढून लोखंडी कपाट दिलं. दहा बाय दहाची खोली. कपाट बसलं ते नेमकं दारापाशी, जिथे उजेडात मांडीवर सूप घेऊन त्या विड्या वळणार होत्या. तिसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी सुटलं, तेव्हा घरात दोन घागरी आणि एक बादली. मावशी म्हणाल्या, "कपाटात पाणी भरू का वो?"

सोलापूरच्या बऱ्याच भागांत पाणी चार-पाच दिवसांनी एकदा येतं. त्यामुळे आधी झाकणाचा मोठा बॅरल आणि नळापर्यंत पुरेल एवढा पाइप बघा. झाकण हवंच, साठवलेल्या पाण्यात डेंगीचे डास होतात. जुना बॅरल घेताना आधी त्यात काय भरलेलं होतं ते विचारा. रसायनाचा असेल तर कितीही स्वस्त असो, नको.

खोली सकाळी बघून ठरवू नका. मे महिन्यात भर दुपारी पत्र्याखाली दहा मिनिटं बसून बघा.

भाडं पाचशेने कमी म्हणून लांबची खोली घेऊन देणं हीसुद्धा चूकच. विडीची पानं आणि तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या द्यायला विडी कामगार बाईला कारखान्याच्या ब्रँचला जावं लागतं. वाचलेले पाचशे रिक्षातच जातात.

"ओळखीचे आहेत, कागद कशाला?" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. तो नोंदवला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगतो त्याच अटी धरल्या जातात. हे घरमालकाला गोडीत सांगा, भांडून नाही. राहायचं तिथेच आहे. डिपॉझिटची पावती मात्र त्याच दिवशी घ्या.

रेशनसाठी जुन्या पत्त्याच्या दुकानात हेलपाटे घालायला लावू नका. कार्डाला आधार जोडलेलं असेल तर जवळच्या दुकानात अंगठा लावूनही धान्य मिळतं. गॅसचं कनेक्शन लांबत असेल तर पाच किलोचा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो.

आणि लाइट बिल. पहिल्या महिन्यातच भांडण होतं ते इथे. एकाच मीटरवर चार खोल्या असल्या की एकूण वापर 100 युनिटच्या वर जातो आणि पुढच्या युनिटांचा दर चढतो. मालक तो सगळ्यांवर वाटतो, कधी वर थोडा आपलाही चढवतो. म्हणून चावी घेतानाच सबमीटरच्या, म्हणजे खोलीपुरत्या वेगळ्या मीटरच्या, आकड्याचा फोटो काढा, मालकालाही पाठवा आणि दर महिन्याला महावितरणचं मूळ बिल बघायला मागा. बिल दाखवायला कुरकुर झाली, तर स्वतंत्र मीटरसाठी मालकाची संमती मिळते का ते विचारा.