इंग्रजीत फीडबॅक कसा द्यावा, कसा घ्यावा

मराठीत सहकाऱ्याला चूक दाखवताना निम्मं काम क्रियापद करतं. ‘बदल’, ‘बदला’, ‘बदलाल का?’, ‘बघा ना, बदलता येतंय का’. सांगायचं तेच असतं, पण वय, हुद्दा, नातं सगळं शेवटच्या एकदोन अक्षरांत येऊन जातं. इंग्रजीत ‘यू’ एकच आणि ‘चेंज’ही एकच. तिथे आदर वाहून नेतात ते कुड, वुड, माइट यांसारखे छोटे शब्द. हे लक्षात आलं नाही की पुण्या-मुंबईतून लंडनला किंवा शिकागोला जाणारी मेल एक तर हुकूम वाटते, नाही तर ‘काइंडली’ आणि ‘रिस्पेक्टेड सर’च्या गर्दीत मूळ मुद्दाच सापडत नाही. मुद्दा स्पष्ट ठेवायचा आणि मऊपणा फक्त विनंतीत आणायचा, हे जमलं की बरंच सोपं होतं.

पायरी १: आधी मराठीतच ठरवा

कुठे, काय दिसलं आणि त्याने काय बिघडेल, ही तीन उत्तरं मनात तयार हवीत. अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेने हीच मांडणी सिच्युएशन, बिहेव्हियर, इम्पॅक्ट या नावाने रूढ केली. त्यात चौथी गोष्ट आपण घालायची: काय करून हवंय आणि कधीपर्यंत.

समजा, तिमाही प्रेझेंटेशन तपासायला आलंय. सहसा जाते ती मेल अशी: ‘यू हॅव डन मिस्टेक इन स्लाइड फोर. काइंडली डू द नीडफुल.’ वाचणाऱ्याला चूक कोणती हे कळलं नाही, करायचं काय हेही नाही. कळलं एवढंच, की आपण चुकलो. शिवाय ‘मिस्टेक’ इंग्रजीत ‘डन’ होत नाही, ‘मेड’ होते. तीच मेल अशी लिहा:

‘ऑन स्लाइड फोर, द चार्ट सेज फॉर्टी-टू पर्सेंट, बट द टेबल बिलो इट सेज थर्टी-एट. द क्लायंट विल आस्क विच वन इज राइट. कुड यू चेक बोथ अगेन्स्ट द मार्च शीट अँड सेंड मी द करेक्टेड स्लाइड बाय थर्सडे, थ्री पीएम इंडिया टाइम?’

पहिल्या दोन वाक्यांत एकही मऊ शब्द नाही आणि तरी ती बोचत नाहीत, कारण कर्ता ‘चार्ट’, ‘टेबल’ किंवा ‘क्लायंट’ आहे, ‘यू’ नाही. चूक कागदावर राहते, माणसावर जात नाही. कौतुक करताना मात्र उलट करा. ‘द समरी वॉज गुड’पेक्षा ‘यू मेड द समरी ईझी टु फॉलो’ कितीतरी जास्त पोचतं.

पायरी २: मऊपणा मोजून घाला

एका विनंतीला एक ‘कुड यू’ पुरे. ‘आय वॉज जस्ट वंडरिंग इफ यू कुड पॉसिब्ली’ असं सुरू झालं की समोरचा समजतो, हे केलं नाही तरी चालेल. काम अडणार असेल तर तसं सरळ लिहा: ‘धिस नीड्स टु बी फिक्स्ड बिफोर वी सेंड इट.’

सॉफ्टवेअरच्या कोडची तपासणी करणारे यासाठी एक सोय वापरतात, ती कुठल्याही कामात उचलण्यासारखी आहे. गूगलच्या कोड-रिव्ह्यू मार्गदर्शिकेत शेऱ्याच्या सुरुवातीला ‘निट’, ‘ऑप्शनल’ किंवा ‘एफवायआय’ असं लिहायला सुचवलंय. ‘निट’ म्हणजे किरकोळ, ‘ऑप्शनल’ म्हणजे पटलं तर करा, ‘एफवायआय’ म्हणजे आत्ता काही करायची गरज नाही. बारा शेऱ्यांतले अडवणारे दोन कोणते, हे वाचणाऱ्याला लगेच दिसतं.

आधी कौतुक, मध्ये टीका, शेवटी पुन्हा कौतुक, हा सँडविचचा सल्ला मेलपुरता तरी सोडून द्यावा. घाईत वाचणारा शेवटचं ‘ग्रेट वर्क’ वाचतो आणि मेल बंद करतो. सगळ्यात गंभीर मुद्दा वर हवा.

पायरी ३: मराठीतून उतरलेले शब्द पकडा

‘तुम्ही लोकांनी’ म्हणताना मनात काहीच नसतं, पण ‘यू पीपल’ परदेशी कानाला हिणवल्यासारखं लागतं. ‘युअर टीम’ म्हणा. ‘सोमवारीच सांगितलं होतं’ याचं ‘आय टोल्ड ऑन मंडे ओन्ली’ होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, फक्त सोमवारीच सांगितलं, इतर दिवशी नाही. ‘आय हॅव अ डाउट’मध्ये त्यांना शंकेपेक्षा अविश्वास ऐकू येतो, ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. आणि ‘प्लीज रिव्हर्ट’! आपल्याला उत्तर हवं असतं, पण डेव्हलपरसाठी ‘रिव्हर्ट’ म्हणजे केलेला बदल मागे घेणं. तिथे ‘प्लीज रिप्लाय’च हवं.

‘असं का केलंत?’ हा साधा प्रश्नही ‘व्हाय डिड यू डू धिस?’ झाला की उलटतपासणी वाटते. ‘कुड यू वॉक मी थ्रू हाउ यू गॉट धिस नंबर?’ विचारलं की माणूस बचाव न करता उत्तर देतो.

पायरी ४: घेताना आधी अर्थ लावा

ब्रिटिश माणसाने ‘क्वाइट गुड’ म्हटलं तर बऱ्याचदा ते ‘ठीक आहे’ इतकंच असतं. अमेरिकन तेच म्हणतो तेव्हा त्याला काम खरंच आवडलेलं असतं. ‘यू माइट वॉन्ट टु लुक अॅट सेक्शन टू अगेन’ ही सहसा सूचना नसते, काम असतं. करून टाका. उलट जर्मन किंवा डच सहकारी ‘धिस इज राँग’ असं तोंडावर म्हणतात, त्यात राग असेलच असं नाही. त्यांच्या कामाच्या ठिकाणी हे नेहमीचं बोलणं असतं.

कॉलवर आपण ‘येस, येस’ म्हणतो ते ‘हो, ऐकतोय’ या अर्थाने. पलीकडे ते ‘मान्य’ म्हणून नोंदलं जातं. ऐकल्याची खूण म्हणून ‘आय सी’ म्हणा आणि शेवटी समजलेलं परत बोलून दाखवा: ‘सो, जस्ट टु चेक, यू वॉन्ट द चार्ट चेंज्ड बट द टेबल लेफ्ट अॅज इट इज?’ या एका वाक्याने पुढचे दोन फेरे वाचतात. ‘वुड यू माइंड शेअरिंग द फाइल?’ला तयारी असेल तर ‘नॉट अॅट ऑल’ म्हणा. नुसतं ‘येस’ म्हणजे ‘हो, हरकत आहे’.

पटलं नाही तर गप्प बसू नका. गप्प बसून मनासारखंच करणं हे नकारापेक्षा वाईट. ‘आय सी इट अ लिटल डिफरंटली’ म्हणा आणि लगेच कारण द्या, एकच, आकड्यासह. राग आला असेल तर उत्तर लिहून ठेवा आणि सकाळी वाचून मगच पाठवा.

पायरी ५: उत्तराने काम मिटवा

‘नोटेड’ तुटक वाटतं आणि ‘सॉरी’ तीनदा लिहिल्याने काहीच दुरुस्त होत नाही. आभार, बदल, वेळ, इतकं पुरे. वेळेत ‘ईओडी’ (एंड ऑफ डे, म्हणजे दिवसअखेर) लिहू नका; लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असतं, मग दिवस कोणाचा संपायचा? तारीखही ५/६ अशी नको, अमेरिकेत ती ६ मे होते. महिना अक्षरांत लिहा.

दुरुस्ती झाली की त्याच मेलखाली नुसतं ‘डन’ न लिहिता काय बदललं ते सांगा: ‘द चार्ट नाउ सेज थर्टी-एट. द सेम नंबर वॉज ऑन स्लाइड नाइन, सो आय फिक्स्ड दॅट टू.’