पोट बिघडवतं रक्तदाबाचं गणित: या चुका टाळा

लघवी तुंबलेली असताना बीपी मोजायला बसणं, ही रोज होणारी चूक. मूत्राशय ताणला की तिथल्या नसा मज्जारज्जूला खबर देतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि वरचा आकडा 10-15 ने चढू शकतो. त्यावरून गोळी वाढली तर चूक महिनोन्‌महिने अंगाशी राहते. आधी लघवीला जाऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून बसा, मग पट्टा बांधा.

रात्री याच्या उलट घडतं. मूत्राशय झपाट्याने रिकामा झाला की आवळलेल्या वाहिन्या सैलावतात आणि उभ्या उभ्या भोवळ येते. पलंगाच्या कडेला जरा बसून मगच उठा. पुरुषांनीही रात्री बसूनच लघवी करावी.

पोटात जोराची कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी माणूस भिंत धरून उभाच राहतो. आधी आडवे व्हा. 1860च्या दशकात गोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या पोटावर टिचक्या मारल्या तेव्हा त्याचं हृदय थांबलं. मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नस कापल्यावर मात्र थांबेना. माणसातही ही नस नाडी मंदावते.

वयस्कर माणूस जेवण झाल्यावर गळून जातो, त्याला आळस म्हणू नका. जेवल्यावर रक्त आतड्यांकडे वळतं. ते सावरून घेणाऱ्या नसा थकलेल्या असतील, तर दोन तासांत वरचा दाब 20 किंवा त्याहून जास्त उतरतो. जेवणाआधी आणि नंतर मोजून पाहा. एका वेळी थोडंच वाढा.

मळमळणाऱ्याला तांब्यामागून तांब्या साधं पाणी पाजू नका. मळमळ सुरू झाली की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात आणि रक्तातलं सोडियम घसरू शकतं. उलट्या होत असतील तर ओआरएस द्या, घोट-घोट.

सगळ्यात जिवावरची चूक मात्र मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्या घरात होते. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर भरलेल्या मूत्राशयाची खबर खालच्या खाली रक्तवाहिन्या आवळते, आणि त्या सैल करण्याचा मेंदूचा हुकूम इजेच्या पलीकडे पोहोचत नाही. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, पाय गार, डोकं ठणकतंय, नाडी मात्र संथ. आणि घरचे डोकेदुखीची गोळी देऊन त्याला आडवं करतात! आडवं केल्याने दाब आणखी चढतो. या माणसांचा नेहमीचा वरचा दाब बऱ्याचदा 90 ते 110च असतो, त्यामुळे 140 दिसला तरी ‘एवढा काही नाही’ म्हणून सोडू नका.

त्याला ताठ बसवा, पाय खाली सोडा, कपडे आणि पट्टे सैल करा. मग लघवीची पिशवी बघा. रिकामी असेल तर नळी बोटांनी चाचपत वर जा: बहुतेकदा मांडीखाली दबलेली किंवा पीळ पडलेली सापडते. नळी मोकळी असेल तर खडा झालेल्या शौचाची शंका घ्या. कारण सापडत नसेल किंवा दाब उतरत नसेल, तर त्याला तसंच बसलेलं ठेवून लगेच दवाखान्यात न्या, आणि इजा कुठल्या मणक्यापाशी आहे ते दारातच सांगा.