इंजिन बदललं आणि सेल्फच उचलेना

गेल्या पावसाळ्यात गारगोटीच्या एका गुरुजींची वॅगनआर टोचन लावून माझ्या दुकानात आली. इंजिन बदलून चार दिवस झाले होते. किल्ली फिरवली की बॉनेटखाली एकदा ‘टक’ व्हायचं, पुढे काही नाही. त्या चार दिवसांत बॅटरी नवी टाकून झाली होती, सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर, तोही नवा बसवला होता, आणि शेवटी “इंजिनच जाम मिळालंय” इथपर्यंत गोष्ट आली होती. गुरुजी म्हणाले, “काय असेल ते स्पष्ट सांगा. उतरवायचं असेल तर परत उतरवू.”

उतरवावं लागलं नाही. दोष एका बोल्टखाली होता आणि तो सापडायला २० मिनिटं लागली. कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला मी २२ वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. अशी केस आली की मी कुठल्या क्रमाने बघतो, ते इथे सांगतो. क्रम सोडला की माणूस एकेक नवा पार्ट टाकत बसतो आणि गाडीवाल्याचे पैसे जातात.

आधी तक्रार नीट समजून घ्या. ‘गाडी चालू होत नाही’ ही एक गोष्ट आणि ‘सेल्फ घेत नाही’ ही दुसरी. इंजिन गरागरा फिरतंय पण पेटत नाही, तर पेट्रोल, करंट, सेन्सर, टायमिंग असा शोध घ्यायचा. इंजिन फिरतच नसेल तर यातलं काहीही बघू नका. मी सांगतोय ते दुसऱ्या तक्रारीबद्दल. आणि एक लक्षात ठेवा: वायरिंग आधी ठीक होती आणि मधे फक्त इंजिन उतरलं-चढलं असेल, तर जिथे जिथे हात लागला तिथेच दोष शोधायचा. किल्लीचा स्विच त्याच आठवड्यात योगायोगाने खराब होणं फार क्वचित घडतं.

किल्लीला हात लावण्याआधी इंजिन हाताने फिरवून बघा. हे काम बहुतेक जण शेवटी करतात, मी पहिलं करतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, बॅटरीचा मायनस सुटा, सगळे स्पार्क प्लग काढलेले. क्रँक पुलीच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या टोकावरच्या चाकाच्या, मधल्या बोल्टला सॉकेट लावायचा आणि इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने सावकाश फिरवायचं. एक फेरा पुरत नाही, पूर्ण दोन फेरे हवेत. चार स्ट्रोकच्या इंजिनाचं एक चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत पुरं होतं आणि व्हॉल्व्ह-पिस्टनची टक्कर असेल तर ती दुसऱ्या फेऱ्यातही सापडू शकते. प्लग काढलेलं चांगलं इंजिन एकसारख्या जोराने फिरतं. दर वेळी एकाच जागी ठक्कन अडत असेल तर पाना लांब करून जोर लावू नका. तिथे टायमिंग बेल्ट चुकला असेल किंवा बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कवचात) वॉशर, नट असं काही पडलेलं असेल. मी एकदा क्लच कव्हर आणि हाउसिंगच्या मधे अडकलेला १० नंबरचा नट काढलाय. गिअरबॉक्सचा एखादा लांब बोल्ट चुकून आखूड बोल्टच्या जागी गेला तरी त्याचं टोक आत फ्लायव्हीलला टेकू शकतं. ऑटोमॅटिक गाडी असेल तर टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असतो तो) आत पूर्ण बसला होता का, हे बसवणाऱ्याला विचारा. तो नीट न बसता बोल्ट आवळले तर इंजिन अडतं आणि गिअरबॉक्सचा पंप फुटतो.

प्लग काढल्यावर फिरतं आणि लावल्यावर अडतं, असं झालं तर सिलिंडरमध्ये तेल, पाणी किंवा पेट्रोल साठलेलं असणार. उघडं पडून राहिलेल्या जुन्या इंजिनात पावसाचं पाणी जातं. प्लग काढूनच ते बाहेर काढा, कॉइलचे कपलर सोडून ठेवा, जवळ विडी-सिगारेट, वेल्डिंग काही नको. पाणी दाबलं जात नाही. प्लग लावून सेल्फ मारत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

गुरुजींचं इंजिन हाताने लोण्यासारखं फिरलं. म्हणजे ‘जाम’ ही गोष्ट तिथेच निकालात निघाली. गाडी २००७ ची, १०६१ सीसीची. बसवलेलं इंजिन १.१ लिटरच्या झेन एस्टिलोचं, म्हणजे त्याच जातीचं. निवड बरोबर होती आणि बसवणाऱ्याने क्लच-फ्लायव्हील गुरुजींच्या गाडीचंच जुनं वापरलं होतं, हेही योग्य.

आता कान लावा. एकाला किल्लीवर बसवा आणि आपण बॉनेटपाशी उभे राहा. त्याच वेळी डॅशबोर्डचे दिवे आणि हेडलाइट बघायचे, कारण अर्धं उत्तर तिथेच मिळतं. किल्ली फिरवल्यावर दिवे एकदम मंद झाले आणि ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरलीय किंवा बॅटरीचे टर्मिनल सैल आहेत. काहीच आवाज नाही आणि दिवे जसेच्या तसे, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाही. मोटर घुर्रर्र फिरतेय पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (सेल्फचा पुढे सरकणारा छोटा गिअर) किंवा रिंग गिअर (फ्लायव्हीलच्या कडेचे दाते) बघा. दुसऱ्या गाडीचा सेल्फ किंवा फ्लायव्हील आलं असेल तर दाते मोजून बघा. आणि चौथी तऱ्हा गुरुजींच्या गाडीची: एक जाड ‘टक’, इंजिन गप्प, पण दिवे झगझगीत. बॅटरीत दम आहे, सोलेनॉइड (सेल्फवरचा मोठा विजेचा स्विच) काम करतोय, तरी मोटरला ताकद मिळत नाही. अशा वेळी माझा पहिला संशय इंजिनच्या अर्थवर, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणाऱ्या जोडावर (अर्थिंगवर) जातो.

अर्थ ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण इंजिन बदलल्यावर सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडलेल्या मी बघितल्या आहेत. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. रबरातून करंट जात नाही. म्हणून बॅटरीच्या मायनसवरून एक जाड वायर किंवा विणलेली पट्टी थेट इंजिनला नाहीतर गिअरबॉक्सला दिलेली असते आणि बॉडीला वेगळी. सेल्फला मायनसची वेगळी वायर बहुधा नसते. त्याचं अंगच मायनस, तो ज्या हाउसिंगला बोल्टने आवळलेला असतो त्यातूनच करंट परत जातो. इंजिन उतरवताना ती पट्टी सोडतात आणि बसवताना ती गिअरबॉक्सच्या मागे लोंबकळत राहते, किंवा वेळ वाचवायला दुसऱ्याच कुठल्यातरी ब्रॅकेटला अडकवतात.

गुरुजींच्या गाडीत पट्टी जागेवर होती, बोल्टही घट्ट होता. म्हणूनच आधीच्या माणसाला ती दिसून दिसली नाही. त्याने टेस्ट लॅम्प लावून बघितलं, दिवा लख्ख लागला. वायर सलग आहे का ते सांगणारा मल्टिमीटरचा बीप लावला, बीप वाजला. तरीही अर्थ खराब होती. हे कसं, ते समजून घ्या. ५ वॅटचा टेस्ट लॅम्प जेमतेम ०.४ अँपिअर खातो. पट्टीची एक तार शाबूत असली तरी तो पेटेल. छोट्या गाडीचा सेल्फ शंभरेक अँपिअर मागतो. जोडात नुसता ०.०५ ओहमचा अडथळा असला तर मीटर तरी बीपच देणार, पण १०० अँपिअर तिथून जायला लागले की १२ पैकी ५ व्होल्ट त्या जोडातच खलास. म्हणून सेल्फच्या वाटेवरचा जोड नेहमी सेल्फ मारत असतानाच तपासायचा.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी तार बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, वरच्या क्लॅम्पवर नाही. लाल तार इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या जागी. किल्ली फिरवून तीनेक सेकंद धरायला सांगा. ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थ चांगली. गुरुजींच्या गाडीत आला ६.८. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खुंट्यांवर १२.० होते, प्लसच्या जाड वायरीत ०.२ जात होते. सेल्फच्या वाट्याला उरले ५. एवढ्यात सोलेनॉइड धरून राहतो, मोटर मात्र हलत नाही.

आणखी एक खूण हाताला लागली. क्लचची केबल गरम झाली होती आणि तिच्या वेष्टनाला जळका वास येत होता. इंजिनपासून बॉडीपर्यंत करंटला नीट वाट मिळाली नाही की तो क्लचच्या, अॅक्सिलरेटरच्या, गिअरच्या केबलमधून परत जायला बघतो. किल्ली मारल्यावर यातली एखादी केबल कोमट लागली तर बाकी काही तपासू नका, सेल्फ मारणं थांबवा आणि अर्थ शोधा.

पट्टीचा बोल्ट सोडला आणि कारण दिसलं. इंजिन देताना कुणीतरी त्याला वरून खालपर्यंत चंदेरी रंग मारला होता. गिऱ्हाइकाला ते नव्यासारखं दिसावं म्हणून असा रंग मारतात. थिंबल (पट्टीच्या टोकाची धातूची कडी) त्या रंगावर बसली होती, बोल्टच्या आट्यांतही रंग उतरला होता आणि सेल्फची बैठकही रंगलेली होती. मी दोन्ही जागा पॉलिश पेपरने घासून धातू पांढरा केला, आट्यांमधून टॅप फिरवला, पट्टीची काळी पडलेली थिंबल कापून नवी ठोकली, सगळं आवळून वरून थोडं ग्रीस लावलं. ग्रीस आवळल्यानंतर, बाहेरून. आमच्याकडे चार महिने पाऊस असतो, तसं न केल्यास पुढच्या वर्षी तीच पट्टी हिरवी होते.

मीटर नसेल तर जम्प लावायची एक जाड केबल घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. आता सेल्फ उचलला तर दोष अर्थचा.

अर्थचा आकडा ठीक आला तर प्लसकडे वळा. लाल तार बॅटरीच्या प्लस खुंटीवर, काळी सेल्फच्या जाड बोल्टवर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा येऊ नये. बॅटरीचंही खरं-खोटं इथेच कळतं. काही न चालवता ठेवलेली, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.० दाखवली तर ती उतरलीय. सेल्फ मारताना खुंट्यांवर ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिनच्या कामात गाडी आठवडाभर दार उघडं ठेवून उभी असते, आतला दिवा जळत राहतो. त्यामुळे बॅटरी नवी असली तरी मोजाच.

अजिबात आवाज नसलेल्या गाडीत सेल्फवरची बारीक वायर बघा. सोलेनॉइडवर एका जाड बोल्टला बॅटरीची वायर आणि शेजारी पट्टीसारख्या पिनवर ही बारीक वायर असते. इंजिन खालून वर घेताना ती ओढली जाते, पिनवरून निसटते, किंवा वरून बसलेली दिसते पण आत कपलरमध्ये तुटलेली असते. ती काढून, किल्ली धरून, तिच्यावर १२ च्या जवळपास व्होल्ट येतात का बघा. येत असतील तर वायरिंग ठीक, सेल्फ उतरवा. येत नसतील तर मागे मागे जा: फ्यूज, रिले, क्लचचा स्विच, किल्ली. आताच्या पुष्कळ गाड्या क्लच दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत आणि क्लचचं काम झाल्यावर तो स्विच पेडलला टेकत नाही, असं वारंवार होतं. ऑटोमॅटिकमध्ये हेच काम गिअरबॉक्सवरचा न्यूट्रल स्विच करतो. केबलची सेटिंग जराशी चुकली तर लिव्हर ‘पी’वर दिसतो, स्विचच्या लेखी गाडी गिअरमध्येच असते. अशा वेळी ‘एन’वर टाकून किल्ली मारून बघा. काही गाड्यांत इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) सेल्फचा करंटही तोडतो. किल्लीचा दिवा लुकलुकत राहिला तर कॉम्प्युटर त्याच गाडीचा मूळचा ठेवलाय ना, हे विचारा.

सेल्फ खाली तपासायचा असेल तर शिकंज्यात पकडून तपासा. पायाखाली दाबून करणारी मुलं मी बघतो, आणि तो झटका मारून उडालेलाही बघितलाय. आमचे वस्ताद सेल्फच्या कामाआधी बॅटरीचा मायनस काढायला लावायचे आणि हातातलं कडं, घड्याळ काढून ठेवायला लावायचे. पाना प्लसच्या बोल्टवर आणि कडं बॉडीला टेकलं तर मनगट भाजतं. मायनस सगळ्यात आधी काढायचा आणि सगळ्यात शेवटी लावायचा.

गुरुजींची पट्टी आवळल्यावर मीटरने ०.१ दाखवला. तरी मी लगेच गाडी चालू केली नाही. बदललेल्या इंजिनाच्या वाटांत ऑइल चढलेलं नसतं. इंजेक्टर आणि कॉइलचे कपलर काढले, प्लग बाहेरच ठेवले आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारला, मधे मिनिटभर थांबून, म्हणजे सेल्फ तापत नाही. तिसऱ्या वेळी ऑइलचा लाल दिवा विझला. मग प्लग बसवले, कपलर लावले आणि गुरुजींनाच किल्ली दिली. अर्ध्या फेऱ्यात पेटली. जाताना त्यांना इंजिनवरचा नंबर कागदावर उतरवून दिला, कारण तो आरटीओत आरसी बुकावर चढवायचा राहिला होता.