साथीची लाट ओसरताना काळजी टप्प्याटप्प्याने कशी कमी करावी

लाट ओसरू लागली की सगळ्यांची नजर आधी मास्कवर जाते. पण त्याआधी लाट खरंच ओसरते आहे का, हे तपासा. रोजच्या रुग्णसंख्येवर विसंबू नका. चाचण्या घटल्या की आकडाही घटतो, आणि घरच्या घरी केलेल्या चाचणीची बहुधा कुठे नोंदच होत नाही. त्यापेक्षा शंभर चाचण्यांमागे किती पॉझिटिव्ह येतात आणि रुग्णालयात नव्याने किती जण दाखल होतात, हे पाहा. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडचे निर्बंध सैल करण्यासाठी एक निकष सुचवला होता: पॉझिटिव्हचं प्रमाण किमान दोन आठवडे ५ टक्क्यांच्या खाली असावं. मृत्यूंचा आकडा मात्र मागून येतो. लाट उतरणीला लागल्यावरही तो काही दिवस चढाच दिसतो.

दुसरी पायरी घरातली. वयस्कर माणसं, केमोथेरपी चालू असलेलं कुणी, अवयव प्रत्यारोपण झालेलं कुणी घरात असेल, तर काळजी कमी करण्याचा वेग त्यांच्याकडे बघून ठरवा. कुणाचा लसीचा डोस राहिला असेल तर आधी तो घ्या आणि साधारण दोन आठवडे जाऊ द्या.

मग क्रम लावा. ज्या काळजीचा त्रास जास्त आणि उपयोग कमी, ती आधी सोडा. कोविडसारख्या हवेतून पसरणाऱ्या आजारात आणलेली प्रत्येक वस्तू पुसत बसणं सगळ्यात आधी थांबवता येतं. मोकळ्या मैदानातला मास्कही लवकर उतरवता येतो. त्यानंतर खिडक्या उघड्या ठेवून चार माणसांची बैठक, त्यानंतर गर्दीची बंद सभागृहं. दवाखाना आणि वृद्धाश्रमातला मास्क सगळ्यात शेवटी.

एका वेळी एकच गोष्ट सोडा आणि पुढचं पाऊल टाकण्याआधी दोन आठवडे थांबा. संसर्ग, लक्षणं, चाचणी, मग आकडा, या साखळीला तेवढा वेळ लागतोच. सगळं एकदम सोडलं आणि रुग्ण वाढले, तर नेमकं कशामुळे वाढले ते कळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोने इन्फ्लुएंझाच्या साथीत २१ नोव्हेंबर १९१८ ला मास्कची सक्ती उठवली. लोकांनी रस्त्यात मास्क भिरकावून दिले. जानेवारी १९१९ मध्ये सक्ती परत आणावी लागली.

म्हणून मागे कधी फिरायचं, हेही आधीच ठरवून ठेवा. उदाहरणार्थ, रुग्णालयात नव्याने दाखल होणारे रुग्ण लागोपाठ दोन आठवडे वाढले तर बंद जागेत पुन्हा मास्क. रुग्ण वाढायला लागल्यावर हा वाद सुरू केला, तर तो संपेपर्यंत अर्धी लाट येऊन गेलेली असते.

काही सवयी सोडूच नका, त्यांना फारसा खर्च किंवा त्रास पडत नाही. खोलीत हवा खेळती ठेवा. आजारी असाल तर घरी राहा. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल आणि एकूण बरं वाटू लागलं असेल, तर बाहेर पडा, पण पुढचे पाच दिवस मास्क लावा. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा मार्च २०२४ पासूनचा सल्ला साधारण असाच आहे. लक्षणं असूनही घरची अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली, तर ४८ तासांनी पुन्हा करा.

आणि कुणी अजून मास्क लावत असेल तर कारण विचारू नका. कार्यक्रमाला बोलावताना जागा बंद आहे की मोकळी, किती माणसं येणार आहेत, एवढं आधी कळवा. यायचं की नाही, ते त्यांना ठरवता येईल.